पायधूळ

नानांच्या दाराशी दोन पायपुसणी आहेत. बाहेर काथ्याचं, आत सुती. चपला जिन्यातच काढायच्या, मग बाहेरच्यावर दोन्ही पाय तीन-तीनदा घासायचे आणि आतल्यावर तेच पुन्हा. एकदा गडबडीत मी दोनदाच घासून आत शिरलो. नाना तोंडाने "ये, ये" म्हणाले, पण बघत होते माझ्या मागच्या फरशीकडे. मी खुर्चीत टेकायच्या आत काकूंनी त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं होतं.

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एकेका माणसाने एकेक शत्रू वाटून घेतलेला असतो. कुणी टाकीवरून वाहणारं पाणी घेतो, कुणी आडवी लावलेली स्कूटर. आमच्या नानांच्या वाट्याला धूळ आली. ज्या कचेरीत त्यांची बत्तीस वर्षं गेली तिथे फायली धूळ खात पडायच्या. "फायलींपेक्षा जास्त मी खाल्ली," असं ते सांगतात. मध्येच एकदा त्यांची बदली झाली, तीही धुळ्याला. ती त्यांनी रद्द करून घेतली. अर्जात कारण 'प्रकृती' असं लिहिलं होतं, पण काकू म्हणतात, ह्यांना ते गावाचं नावच सोसलं नसतं.

कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटलेली नाही. "कोरडं फडकं धुळीची फक्त बदली करतं," नाना म्हणतात, "टेबलावरून कपाटावर, कपाटावरून परत टेबलावर. ओलं फडकं तिला बडतर्फ करतं." दुसरा नियम वरून खाली येण्याचा. आधी जळमटं, मग पंखा, मग कपाटाचा माथा, सरकत्या खिडकीची खाच आणि सगळ्यात शेवटी फरशी. नियम उत्तम आहे, पण कामाच्या मावशी सकाळी सातला येतात आणि नानांना पंखा साडेसातला आठवतो. एकदा मावशी केरभरणी खाली ठेवून म्हणाल्या, "नाना, एक काय ते ठरवा. केर मी काढायचा का तुम्ही पाडायचा?"

दिवसभर गरगर फिरणाऱ्या पंख्यावर धूळ बसतेच कशी, असं मी एकदा विचारून बसलो. चहा गार होईपर्यंत उत्तर चाललं. पात्याला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, तो पात्याबरोबरच फिरतो. म्हणजे पात्याच्या लेखी तिथली हवा जवळजवळ थांबलेलीच. त्या थरात शिरलेला कण पात्याला चिकटतो आणि वाऱ्याने उडत नाही. नंतर प्रात्यक्षिक झालं. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा, दाबून धरायचा आणि ओढून काढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. खाली फक्त नाना पडण्याची भीती असते, म्हणून स्टूल मी धरलं होतं.

नवा फुलझाडू आणला की त्याचा भुसा गळतो, हे कुणालाही ठाऊक आहे. नाना तो गच्चीवर नेऊन आठवडाभर कठड्यावर आपटतात आणि मग जुन्या कंगव्याने विंचरतात. तो भुसा तिसऱ्या मजल्यावरच्या पापडांवर उतरतो, त्यावरून दर वर्षी भांडण होतं. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा मात्र नानांइतक्या भक्तिभावाने कुणी करत नाही. फक्त हळदकुंकू वाहताना जे खाली सांडतं, त्याने त्यांचा जीव कासावीस होतो. दिवेलागणीनंतर केर काढला तर लक्ष्मी जाते, म्हणून ते संध्याकाळी झाडूला हात लावत नाहीत. ओल्या फडक्याबद्दल शास्त्रात काही नाही, हे त्यांनी गुरुजींकडून वदवून घेतलंय.

जानेवारी २०२२ मध्ये अरबी समुद्रावरून धुळीचं वादळ आलं आणि मुंबई-पुण्यातल्या गाड्यांवर पांढरट थर बसला. नानांनी टीपॉयवर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. "ही आपली नव्हे," ते म्हणाले. "सीमेवर एवढी माणसं उभी, आणि ही सरळ माझ्या टीपॉयवर!" पुढे समोरची इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली. तेव्हापासून एप्रिलमध्येसुद्धा खिडक्या बंद आणि पंखा दोनवर. काकू दुपारी आमच्याकडे येऊन बसतात. हवा खायला, असं म्हणतात.

खरा घाव घरातूनच बसला. नातवाने मोबाइलवर वाचून दाखवलं की, घरातल्या धुळीत नुसती माती आणि काजळी नसते. कपड्यांचे तंतू असतात, केस असतात आणि आपल्याच कातडीचे झडलेले कण असतात. गादी-उश्यांत ते कण खाऊन जगणारे किडेही असतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे नाहीत. नाना कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिले. काकू भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्हणजे अहो, चाळीस वर्षं मी तुम्हालाच सुपात भरत होते म्हणायचं."

दोन दिवस नानांनी फडकं हातात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सावरले. ६० अंशांच्या पाण्यात ते किडे मरतात, असं नातवाकडूनच कळलं होतं. आता दर रविवारी चादरी आणि अभ्रे तेवढ्या कढत पाण्यात जातात, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमागे नाना दिसेनासे होतात.

गेल्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी झाली. पत्रिका छापखान्यातून आल्या तेव्हा खाली नेहमीचं वाक्य होतं: 'आपण सहकुटुंब येऊन आमच्या घरी पायधूळ झाडावी.' नानांनी ऐंशीच्या ऐंशी पत्रिकांवर पट्टी धरून 'आमच्या घरी' हे दोन शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'जिन्यातच'.