स्वल्पमूल्य लेखणीसंग्रह : अधिकार, साधना आणि दोषचिकित्सा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकण्याची परंपरा आहे, आणि जुने ग्रंथकार त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणत. प्रस्तुत शास्त्राचा विषय स्वस्तातली शाईची पेने जमवणे हा आहे. प्रयोजन विचारू नये, कारण ते विचारणाऱ्यास या शास्त्राचा अधिकार नाही. संबंध घरच्या जमाखर्चाशी येतो, म्हणून त्याचा परामर्श पुढे घेतला आहे. आणि ज्याच्यापाशी चालू स्थितीतली किमान चार पेने असूनही ज्याला पाचव्याची निकड भासते, असा पुरुष किंवा अशी स्त्री येथे अधिकारी मानावी. ज्याच्यापाशी एकच पेन आहे आणि जो त्याने लिहितो, तो केवळ लेखक होय. त्याच्यासाठी हे विवेचन नाही.

शास्त्राला प्रमाण लागते, आणि सुदैवाने ते मराठीतच उपलब्ध आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा असून त्यात समर्थ रामदासांनी लिहिणाऱ्याने निरनिराळ्या प्रांतांतून तऱ्हेतऱ्हेचे बोरू आणवावेत, इतकेच नव्हे तर शाईही संग्रही ठेवावी, असे सुचवले आहे. हा आधार मिळाल्यावर शांघायचे, राजमहेंद्रीचे आणि जपानचे पेन एकाच महिन्यात मागवणाऱ्यास उधळ्या म्हणता येत नाही. तो परंपरा पाळत असतो. त्याच समासात अक्षर घोटून वळणदार करण्याविषयी जे विस्ताराने सांगितले आहे, तो भाग संग्राहकाने आदराने बाजूला ठेवावा, कारण अधिकारभेदाने उपदेश बदलतो हेही परंपरेलाच मान्य आहे.

आता ‘स्वस्त’ या संज्ञेची व्याख्या क्रमप्राप्त आहे. रुपयांत सीमा घालून उपयोग नाही, कारण ती दर दिवाळीला पुढे सरकते. तेव्हा घरात कोणालाही न विचारता ज्या किमतीला पेन घेता येते ती किंमत स्वस्त, अशी व्यवहार्य व्याख्या येथे स्वीकारली आहे. या व्याख्येतून असे निष्पन्न होते की महागडे पेन घेणारा मनुष्य वर्षभर विचार करतो, एकदा पैसे मोजतो आणि गप्प बसतो, तर दोनशे-तीनशे रुपयांचे पेन घेणाऱ्याला विचार करण्याचे कारणच नसल्यामुळे तो दर पंधरवड्याला एक घेतो, आणि काही वर्षांत त्याच्या हातून गेलेली रक्कम पहिल्याच्या रकमेला सहज गाठते. ही बेरीज करू नये. करावीच लागली तर पेन्सिलीने करावी.

घरातील लेखापरीक्षणाच्या दृष्टीने एकाच घाटाची आणि एकाच रंगाची पेने घेणे श्रेयस्कर ठरते. शांघायच्या हिरो कंपनीचे ६१६ क्रमांकाचे पेन या कामी आदर्श होय. अमेरिकेच्या पार्कर कंपनीने १९४१ साली बाजारात आणलेल्या ‘पार्कर ५१’चा घाट त्याने उचललेला आहे, म्हणजे निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोक तेवढे बाहेर डोकावणारे, टोपण धातूचे, आणि पोटात दाबून सोडली की शाई ओढून घेणारी मऊ नळी. अशी सहा पेने आळीपाळीने खिशाला लावली तरी पाहणाऱ्याला एकच पेन दिसते. सहाही एकदम टेबलावर मांडणे हा अव्यवहार आहे.

देशी पेनांचे प्रकरण निराळे आहे, कारण तेथे हौसेला देशप्रेमाची जोड देता येते. राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ साली स्वदेशी पेने बनवण्यास आरंभ केला, आणि त्यांचे पेन वापरून पाहिल्यावर महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून पसंती कळवली; त्यामुळे त्या गावचे पेन मागवणारा संग्राहक खरेदी करत नसून राष्ट्रकार्यात सहभागी होत आहे, असा युक्तिवाद निदान एकदा तरी चालतो. या परंपरेतली कितीतरी पेने एबोनाइटची, म्हणजे गंधकाबरोबर तापवून कठीण केलेल्या रबराची, लेथवर हातांनी घडवलेली असतात. एबोनाइट अंगठ्याने जोरात घासले की गंधकाचा उग्र दर्प येतो, आणि दुकानात पेन घासून नाकाशी नेणे व डोळे मिटून मान हलवणे ही जाणकाराची खूण समजली जाते. मात्र असे पेन खिडकीत उन्हात ठेवल्यास त्याचा काळा रंग उडून ते तपकिरी-हिरवट पडते, आणि मग त्याला ‘जुने’ म्हणून अधिक भाव देणारा दुसरा संग्राहक शोधावा लागतो.

खरेदीचे क्षेत्र म्हणून पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईची अब्दुल रेहमान स्ट्रीट यांचे माहात्म्य सर्वश्रुत आहे; तथापि खरी साधना तालुक्याच्या गावातल्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानात होते, जेथे माळ्यावरच्या खोक्यात तीस वर्षांमागचा माल निवांत पडलेला असतो. तेथे ‘फाउंटन पेन’ हा शब्द तोंडातून काढू नये, कारण तो ऐकताच किंमत वाढते. आधी एक वही, एक गोंदाची बाटली असे काही किरकोळ घ्यावे, सुटे पैसे मोजत असताना “काका, शाईचं पेन असतं का हो अजून?” असे सहज विचारावे, आणि “आता कोण वापरतंय?” या उत्तराला लगेच दुजोरा द्यावा. एवढे झाल्यावर दुकानदार आपण होऊन स्टूल लावतो. खोका उघडल्यावर चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नये. हे ज्याला जमत नाही त्याने सोबत पेनांत अजिबात रस नसलेला मनुष्य न्यावा आणि बोलणी त्याच्यावर सोपवावी.

पेन घरी आल्यावर त्याची शरीररचना समजून घेणे आवश्यक आहे. निब म्हणजे टोकाशी चिरलेला धातूचा पत्रा. चिरेमुळे त्याचे दोन फाळके होतात, आणि चीर जेथे संपते तेथे बहुधा एक बारीक छिद्र असते. निबेखाली खाचा पाडलेला जो काळा दांडा असतो त्याला फीड म्हणतात, आणि पेनाचे खरे कर्तृत्व त्या बिचाऱ्याचे असते. शाई केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीतून द्रव आपोआप पुढे सरकण्याच्या गुणाने, फीडमधून निबेच्या चिरेत व तेथून कागदावर येते, आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा फीडच्याच वाटेने आत जाते. ही देवघेव बिघडली की पेन एकतर रुसते किंवा ओकते. स्वस्त निबांवर पुष्कळदा ‘इरिडियम पॉइंट, जर्मनी’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. ती श्रद्धेने वाचावीत, कारण त्या टोकात इरिडियम बहुधा नसते आणि जर्मनीविषयीही खात्री देता येत नाही.

देशी पेनांपैकी अनेकांत शाई ड्रॉपरने थेट नळीतच भरतात. या पद्धतीत तीन-चार मिलिलिटर शाई एका वेळी मावते, हा तिचा गुण. आणि ती अर्ध्याहून अधिक संपल्यावर उरलेल्या पोकळीतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावून शाईला बाहेर ढकलते, हा तिचा स्वभाव. त्यामुळे तळाशी थोडी शाई उरली असता मोठ्या तन्मयतेने लिहू लागलेल्या माणसाच्या कागदावर वाक्याच्या ऐन मध्यावर टपोरा थेंब पडतो. एक चतुर्थांश शाई शिल्लक असतानाच पेन पुन्हा भरावे हा यावरील उपाय असून, आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावल्यास सांध्यातली गळतीही थांबते. विमानप्रवासात पेन काठोकाठ भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवून निब वरच्या बाजूस करावी. पांढरा सदरा घालणाऱ्यांसाठी शास्त्रात वेगळा उपाय सांगितलेला नाही. त्यांनी निळा सदरा घ्यावा.

शाईचा विचार अर्थशास्त्राकडे नेतो. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली शाईची पूड आणि गोळ्या बनवून सुरू केलेल्या उद्योगातून पुढे कॅम्लिन उभी राहिली, आणि तिच्या रॉयल ब्लूने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची बोटे, बाक आणि गणवेशाचे खिसे रंगवले. बंगालमधील सुलेखा ही १९३४ सालची स्वदेशी शाई मध्यंतरी लुप्त होऊन अलीकडे पुन्हा बाजारात आली आहे. आता ६० मिलिलिटरच्या एका बाटलीतून पाऊण मिलिलिटरचा कन्व्हर्टर, म्हणजे पेनात बसवायची दट्ट्याची छोटी पिचकारी, ऐंशी वेळा भरतो. आठवड्याला एक भरणा धरल्यास एक बाटली दीड वर्ष पुरते, आणि मध्यम प्रतीच्या संग्राहकाकडे ज्या तीसेक बाटल्या असतात त्या संपण्यास सेहेचाळीस वर्षे लागतात. यावरून शाईची तरतूद मृत्युपत्रात स्वतंत्र कलमाने करणे का इष्ट आहे, हे ध्यानात येईल. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र कितीही काळीभोर दिसली तरी पेनात भरू नये. तिच्यात पुष्कळदा लाख असते, ती फीडच्या खाचांत वाळून बसते आणि त्यानंतर ते पेन फक्त फोटो काढण्याच्या उपयोगाचे राहते.

नव्या पेनाची चाचणी घेताना बहुतेकजण ‘श्री’ काढतात आणि लगेच आपली सही करतात. यात मांगल्य आणि स्वाभिमान दोन्ही साधत असले तरी परीक्षा होत नाही, कारण सही कोणत्याही पेनाने येते. मोडी लिहिणारे कारकून आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. तीच रीत येथे वापरावी. हात न उचलता कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश रेघ ओढली असता प्रवाह कोठे क्षीण होतो, निब कोठे खरखरते आणि कागदावर शाई कोठे फुटते हे तात्काळ कळते. ही परीक्षा कोकणात आषाढात घेऊ नये, कारण दमट कागदावर चांगली शाईही फुटते आणि निरपराध पेनाला दोष लागतो.

दोषचिकित्सा हा या शास्त्राचा गाभा असून स्वस्त पेनाचे खरे श्रेष्ठत्व येथेच सिद्ध होते. महागड्या पेनाला त्याचा मालक घाबरतो. स्वस्त पेन उघडता येते, घासता येते, बिघडवता येते. पूर्वी शाळकरी मुले अडलेली निब फरशीवर घासत किंवा तिच्या चिरेत अर्धे ब्लेड घालत, आणि त्यात बऱ्याच निबा फाकून कायमच्या कामातून जात. तत्त्व मात्र बरोबर होते. प्रथम घड्याळजीच्या भिंगातून टोक समोरून पाहावे. दोन फाळक्यांपैकी एक वर, एक खाली असा फरक दिसल्यास निब खरखरते, आणि खाली गेलेला फाळका नखाने अगदी हलके वर उचलल्याने बहुतेक तक्रारी मिटतात. शाई कमी येत असल्यास निब व फीड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात धरून सरळ ओढून काढावे, साध्या पाण्यात धुवावे आणि पुन्हा बसवताना फीडचे टोक निबेच्या टोकामागे थोडेसेच राहील असे पाहावे; निब फार पुढे गेली की शाई पोहोचत नाही. पेनाला गरम पाणी लावू नये असा सामान्य नियम आहे. त्याला अपवाद एबोनाइटच्या फीडचा: ते थोडा वेळ कढत पाण्यात धरले असता मऊ होते, आणि त्याच क्षणी अंगठ्याने निबेवर दाबून धरल्यास निबेला तंतोतंत चिकटून बसते. हाच प्रयोग प्लास्टिकच्या फीडवर केल्यास पाणी वाया जाते. या सर्व कर्मानंतर बेसिन निळे होते, आणि ते कोणी दात घासायला येण्यापूर्वी धुवून ठेवणे हा विधीचाच भाग समजावा.

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर लेखणीचीही पूजा होते. पाटावर किती पेने मांडावीत याविषयी धर्मशास्त्र मौन बाळगते, आणि वर्षातून या एकाच दिवशी सगळा संग्रह कोणाच्या भुवया न उंचावता उजेडात आणता येतो.

अखेरचा प्रश्न परक्या हाताचा. बँकेत किंवा टपाल कचेरीत “जरा पेन देता का?” असे विचारणारा मनुष्य हे संग्राहकावरचे मोठे संकट होय. दुसऱ्याच्या हाती दिल्याने निबेचे वळण बदलते ही समजूत अतिरंजित आहे, कारण टोकाचा मिश्रधातू फार कठीण असतो. खरा धोका असा की बॉलपेनाची सवय असलेला हात कागदावर सारा भार टाकतो आणि एका सहीत निबेचे दोन फाळके दोन दिशांना जातात. शिवाय तिहेरी पावत्यांवर शाईच्या पेनाने लिहिल्यास खालच्या प्रती कोऱ्या राहतात. म्हणून लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ साली पेटंट घेतलेल्या बॉलपेनाचा एखादा नमुना, देण्यासाठी म्हणून, प्रत्येक संग्राहकाने खिशात बाळगावा. तो कोणता असावा याची चिकित्सा करण्याचे कारण नाही; वाण्याच्या दुकानात सुट्या पैशांऐवजी जो मिळतो तो चालतो, आणि वाण्याची यादी, मुलांच्या शाळेचे अर्ज, गॅसवाल्याची सही, पाहुण्यांनी सांगितलेला फोन नंबर हे घरातले सगळे लिखाण त्यानेच उरकते.