उठायचं कुणी?

हिंदी सिनेमा तीन तासांचा आणि व्हीसीडी 74 मिनिटांची. या दोन आकड्यांचं एकमेकांशी कधी जमलं नाही, आणि ते जमत नव्हतं म्हणून तीन डिस्कचा चेंजर आपल्याकडे एवढा खपला. परदेशी लोकांनी चेंजर घेतले ते पार्टीत गाणी अखंड वाजत राहावीत म्हणून. आपण घेतले ते नायिकेच्या बापाने ऐन नकार दिलेला असताना कुणाला उठावं लागू नये म्हणून. ‘लगान’ 224 मिनिटांचा. 74 ने भागून बघा. तीन सीड्या भरून वर दोन मिनिटं उरतात. 80 मिनिटांच्या डिस्कही निघाल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर कॅप्टन रसेलचं पुढे काय झालं एवढं कळायला चौथी सीडी लावावी लागली असती.

सीडी संपली की पडदा निळा व्हायचा आणि घरातल्या प्रत्येकाला अचानक काहीतरी व्हायचं. आजोबांचा डोळा लागायचा. आईच्या मांडीवर निवडायच्या मेथीची जुडी असायचीच. मोठ्याचा पाय नेमका तेव्हाच झोपायचा. मग सगळ्यांत धाकटा उठायचा. त्याला कुणी सांगितलेलं नसे, आणि तो उठला नसता तर सगळ्यांनी मिळून सांगितलं असतं. सीडी बाहेर काढायची, मधल्या भोकात बोट घालून उजेडात तिरपी धरायची, बनियनला गोल गोल पुसायची आणि दुसरी आत सरकवायची, हा त्याचा मान. ते गोल पुसणं मात्र घातक. सीडीवरची माहिती गोल फिरत गेलेल्या एकाच लांबलचक ओळीत असते. आडवा ओरखडा त्या ओळीला जागोजागी जरासा छेद देतो, आणि तेवढी गळलेली अक्षरं प्लेअर सावरून घेतो. ओरखडा ओळीच्या बाजूनेच गेला तर सलग मजकूर जातो आणि हीरोच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. मधून कडेकडे सरळ पुसायचं, हे आमच्या घरी कळलं तोवर बनियनने बराच हिंदी सिनेमा खाल्ला होता.

मग डीव्हीडी आली. आकार तोच, 12 सेंटिमीटर, पण पोटात 4.7 जीबी. दोन थरांची असेल तर 8.5. अख्खा सिनेमा, गाण्यांसकट, वर इंग्रजी सबटायटल. म्हणजे ज्या दुखण्यावर चेंजर हे औषध होतं ते दुखणंच गेलं. तर्काने बघितलं तर त्या दिवशी चेंजर दुकानांतून नाहीसा व्हायला हवा होता. झालं उलटं. तीनाचा पाच झाला.

पुण्यात असली खरेदी तपकीर गल्लीत. “साहेब, पाच डिस्कचा घ्या. 2000 वॅट!” दुकानदाराने खोक्यावरच्या आकड्यावर टिचकी मारली. त्या आकड्याच्या पायथ्याशी मुंगीच्या अक्षरात ‘पीएमपीओ’ लिहिलेलं होतं. याचा अर्थ, आयुष्यात एकदा क्षणभर अंगात आलं तर हा एवढा ओरडू शकेल. मागच्या पट्टीवर वीज किती खातो ते छापलेलं होतं: 60 वॅट. खरोखर 2000 ओढले असते तर आमच्या हॉलमधल्या 5 अँपिअरच्या सॉकेटने पहिल्याच गाण्याला राम म्हटला असता. मी हे बोलणार एवढ्यात दुकानदाराने वधू-वर सूचक मंडळाच्या थाटात विचारलं, “अमेरिकेत कोण आहे का?”

होती. आत्तेबहीण, न्यू जर्सीला. प्रश्न रास्त होता. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका विभाग 1, आपण विभाग 5, आणि आपल्या पंक्तीला रशिया नि बहुतेक आफ्रिका. तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरमध्ये घातली की तो चुकीचा विभाग म्हणून ती परत बाहेर काढणार. दुकानदाराने रिमोटवर भराभर चार-पाच आकडे दाबले, म्हणाला, “आता सगळं जग चालेल,” आणि ते आकडे वॉरंटी कार्डाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहून दिले.

माझे प्रश्न असे आंतरराष्ट्रीय पातळीवर सुटत असताना बायकोने एकच प्रश्न विचारला. “रुंदी किती?”

“43 सेंटिमीटर, वहिनी.”

“शोकेसचा कप्पा 40 चा आहे.”

घरगुती करमणुकीची निवड लेझरवर, वॅटवर, ब्रँडवर होते असं कंपन्यांना वाटतं. ती सुताराने दहा वर्षांपूर्वी ठोकलेल्या कप्प्यावर होते. आमच्याकडे शेवटी कप्पा कापला, प्लेअर नाही. तो बसला, वर आईने झालरीचं कव्हर घातलं, आत तो तापू लागला. मागून पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी निघाल्या. टीव्हीला आवाजाचं भोक एकच, त्यामुळे लाल वायर शेवटपर्यंत लोंबकळत राहिली. सोबतच्या पाच स्पीकरांपैकी मागचे दोन मागे ठेवायचे असतात, पण आमच्या हॉलला मागे म्हणजे शेजाऱ्यांची भिंत. ते पुढेच, गणपतीच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना बसले. सबवूफरवर मनीप्लांट.

एवढं करून पाच डिस्कचं करायचं काय? सिनेमा एकात मावत होता. एमपीथ्री केली तर एका डीव्हीडीत हजारभर गाणी, म्हणजे गणपतीचे दहा दिवस एका डिस्कवर निघाले असते. माझं मत विचाराल तर पाच डिस्कच्या प्लेअरची गरज महाराष्ट्रात एकाच गोष्टीला होती, ती म्हणजे गीतरामायण. 56 गाणी, एका सीडीत मावायची नाहीत. रामनवमीला सकाळीच ट्रे भरून ठेवायचा आणि सुंठवडा होईपर्यंत बघायला नको, हा आईचा मुद्दा बिनतोड होता. फक्त एका वर्षी नातवाने ‘शफल’चं बटण दाबून ठेवलं आणि आमच्या हॉलमध्ये आधी रावण पडला, मग सेतू बांधायला घेतला.

उरलेलं वर्षभर मात्र त्या पाच कप्प्यांची वाटणी झाली, आणि यंत्राचा खरा उपयोग तिथे कळला. एक नंबर बाबांचा, नाट्यसंगीत. तिथे दुसरं काही लावलं तर चहा थंड होईपर्यंत बोलत नसत. दोन आईचा. तीनवर मुलाची कार्टून, चारवर आमचे सिनेमे. मोझर बेअरने व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली तेव्हा भाड्याने आणण्यात अर्थ राहिला नाही, कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीवाल्याने मोबाइल रिचार्ज सुरू केलं, आणि चार नंबरसाठी रांग लागली. पाचवा कप्पा रिकामा. पाहुण्यांसाठी. भांडण मिटलं अशातला भाग नाही. आता काय लावायचं यावर न होता ते कितवा नंबर दाबायचा यावर व्हायचं. पण प्रत्येकाची डिस्क आत असायची, आपली पाळी येणार हे माहीत असायचं, आणि ट्रे घर्रर्र करत फिरून खट् होईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत माणसं मेथीतून डोकं वर काढून एकमेकांशी दोन शब्द बोलायची. सोनीने तर 400 डिस्क मावणारे प्लेअर काढले होते. एवढे नातेवाईक एका हॉलमध्ये बसवणं मला तरी झेपलं नसतं.

आता नेटफ्लिक्स आहे. एका खात्यावर पाच प्रोफाइल. पाचच! मी सवयीने त्याच क्रमाने नावं घातली आणि शेवटच्यावर ‘पाहुणे’ लिहिलं. बाबांच्या प्रोफाइलवर दोन माहितीपट आहेत, एक गांधीजींवर. पाहुण्यांच्या प्रोफाइलवर एक कोरियन प्रेमकथा अकराव्या भागापर्यंत बघून झालेली आहे, आणि दिवाळीपासून आमच्याकडे पाहुणा आलेला नाही.