‘भावनोंद’ फिल्टर लिहिणाऱ्यास खुले पत्र



राहात्याच्या पेरूच्या आडतीसाठी तुम्ही लिहिलेले वेब ॲप्लिकेशन आता आम्ही सांभाळतो. शेतकऱ्याला पट्टी मोबाइलवर दिसावी आणि भाव कोणी, कधी बदलला याची नोंद राहावी, एवढेच त्याचे काम. नोंदीसाठी तुम्ही ॲक्शन फिल्टर निवडलात, ते योग्यच. पण भाव बदलणाऱ्याचे नाव ठेवलेत कुठे? फिल्टरच्याच फील्डमध्ये! आणि डीबीकॉन्टेक्स्ट? स्टॅटिक!

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून लावलेला असा फिल्टर दर रिक्वेस्टला नव्याने तयार होत नाही. एकच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या वाट्याला येतो. लिलाव भरात असताना दोन दिवाणजी एकदम भाव भरतात आणि एकाचा बदल दुसऱ्याच्या नावावर चढतो. डीबीकॉन्टेक्स्टला एका वेळी एकच काम झेपते. दुसरे सुरू झाले की तो एरर देतो. ती तुम्ही रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये पुरलीत. इकडे एका दिवाणजींना न केलेल्या बदलाचा जाब द्यावा लागला. तुम्ही चार ओळी वाचवल्यात, त्यांची अब्रू गेली.

ॲट्रिब्यूटच्या कन्स्ट्रक्टरला कंपाइल करतानाच ठरलेली मूल्ये लागतात, सर्व्हिस देता येत नाही, ही अडचण खरी. म्हणून तर सर्व्हिसफिल्टर आहे! फिल्टर साध्या क्लासमध्ये लिहायचा, डीबीकॉन्टेक्स्ट कन्स्ट्रक्टरमध्ये मागायचा, क्लास स्कोप्ड म्हणून रजिस्टर करायचा आणि ॲक्शनवर सर्व्हिसफिल्टर लावायचा. रजिस्टर करायला विसरलात, तर त्या ॲक्शनच्या पहिल्याच रिक्वेस्टला एरर येते, आणि ती तेव्हाच आलेली बरी. वेगळे मूल्यही द्यायचे असेल तर टाइपफिल्टर. त्याला रजिस्टर करणेही लागत नाही. डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये रूढ केले, आणि एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ते २०१६ च्या पहिल्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. तुम्हाला बाहेरून काहीच आणायचे नव्हते.

हे उघडपणे लिहितो, कारण लोणीला अभियांत्रिकी शिकलेली मुले आमच्याकडे येतात आणि चालता कोड वाचूनच शिकतात. तुमचा फिल्टर चालत होता. एकट्याने बसून तपासला की आजही चालतो. दोन रिक्वेस्ट एकदम सोडून तुम्ही तो एकदाही तपासला नाहीत, याचा मला खरा राग आहे.

आम्ही तो फिल्टर काढून टाकला. जुन्या नोंदींतल्या खऱ्या कोणत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या दिवाणजींना मात्र तुम्ही स्वतः फोन करा.

आपला,
तुमचा कोड सांभाळणारा