ब्रश वाचला पाहिजे

घराला रंग लावून झाला की माणसं दोन पावलं मागे सरून भिंत बघतात. अण्णा भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं खरं काम तेव्हा कुठे सुरू होतं. लुंगी खोचून, तीन डबे आणि साबणाची वडी घेऊन ते मागल्या दारी बैठक मारतात. आता दोन तास त्यांना जेवायला हाक मारायची नाही.

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हिंडलात, तर दर आळीत असे एक अण्णा भेटतील. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून भिंतींची पार दशा करतात. त्यामुळे गणपतीआधी घरावरून हात फिरवावाच लागतो आणि अण्णांच्या साधनेत खंड पडत नाही.

ऑइलपेंटचा ब्रश पाण्यात बुडवणाऱ्याला अण्णा माणसात धरत नाहीत. हा रंग नुसता वाळत नाही, हवा खाऊन घट्ट होतो. एकदा घट्ट झाला की टर्पेंटाइनलाही दाद देत नाही. म्हणून ओला आहे तोवरच पहिल्या डब्यात मळ, दुसऱ्यात उरलासुरला, तिसऱ्यात शेवटचा हात. मग साबण, मग जुन्या फणीनं केस विंचरणं, मग कागदात गुंडाळून खिळ्याला टांगणं. ब्रश केसांवर उभा ठेवलेला दिसला की अण्णा विचारतात, "दांड्याला भोक कशाला ठेवलंय? हवा जायला?" मळकं टर्पेंटाइनही ते टाकत नाहीत. रात्रभरात गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ बाटलीत जातं आणि बाटलीवर चिठ्ठी लागते: 'औषध नव्हे'.

पाण्याच्या रंगाच्या रोलरचा थाट वेगळा. त्याची लोकर आधी पट्टीनं निपटायची. वाटीभर रंग डब्यात परत येतो, तेव्हा अण्णांचा चेहरा पेन्शन वाढल्यासारखा उजळतो. मग पाणी. पांढरं, दुधी, निवळ, तरी आणखी एक बादली. धुवण पोफळीच्या मुळाशी जाता कामा नये, म्हणून खड्डाही वेगळा. पंप चालू ऐकून काकू आतून विचारतात, "अहो, रोलर धुताय की विहीर उपसताय?"

एकदा मुंबईहून आलेल्या नातवानं जाहीर केलं, की चांगल्या ब्रशाचे केस डुकराचे असतात. ब्रशांची गुंडाळी होती सोवळ्याच्या कपाटात. काकूंनी ती चिमट्यानं उचलून माळ्यावर धाडली. अण्णांनी मात्र पाण्याच्या रंगासाठी तेवढ्यात नायलॉनचे नवे ब्रश पदरात पाडून घेतले. डुकराचा केस पाणी पिऊन मऊ पडतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. काकूंनी धर्म राखला, अण्णांनी शास्त्र.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, कौलं-पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या. सगळी आळी ताडपत्री शोधत होती. अण्णा ब्रशांचा डबा शोधत होते.

मासेमारी बंद असली की शेजारचा कोळी होडी रंगवायला काढतो. त्यानं एकदा ब्रश मागितला. अण्णांनी अटी सांगायला घेतल्या. तिसऱ्या अटीला तो म्हणाला, "अण्णा, ब्रश मागतोय, मुलगी नाही," आणि हाताला चिंधी बांधून कामाला लागला.

यंदा गुडघे कुरकुरायला लागले म्हणून पेंटर बोलावला. पोरगा हुशार. संध्याकाळी त्यानं ऑइलपेंटचा ब्रश न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि घरी गेला. हवाच लागली नाही तर रंग घट्ट होणार कसा? सकाळी सोडायचा आणि लावायला लागायचं. अण्णांचंच शास्त्र, फक्त कष्ट वजा. पण अण्णांना झोप कशी येणार? रात्री उठून त्यांनी पिशवी सोडली, तिन्ही डबे, साबण, फणी, सगळा विधी केला आणि ब्रश टांगला.

सकाळी ब्रशातून पाणी ठिबकत होतं. ओल्या ब्रशानं ऑइलपेंट लावता येत नाही, आणि श्रावणात जिथे चादर दोन दिवस वाळत नाही तिथे ब्रश कसला वाळतोय? पेंटर दिवसभर ओट्यावर बसून चहा पीत राहिला. गणपती चार दिवसांवर, दारं अर्धी हिरवी, अर्धी जुनीच.

"झालं ना मनासारखं?" काकू म्हणाल्या. "एक रोज बुडाला."

अण्णांनी ब्रशाचे केस अंगठ्यानं फुलवून उजेडात धरले. "रोजाचं काय घेऊन बसलीस? केस बघ. एक चिकटलेला दाखव."

पेंटरनं निमूटपणे दुसरा कप पुढे केला.