आम्ही दिलगीर आहोत

आमच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रेल्वे नाही. रूळ नाहीत, फाटक नाही, सिग्नलचा एक खांबसुद्धा नाही. तरी इथल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला जरा डिवचा, तो डोळे मिटून ‘फलाट क्रमांक चारवर येणारी’ इथून सुरू करेल आणि तुम्हाला थेट चर्चगेटला नेऊन सोडेल. ही करामत डबेवाल्यांची. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला, तेव्हापासून मुंबईकराच्या दुपारच्या जेवणाचा भार जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळच्या डोक्यावर आहे. अगदी डोक्यावरच, लाकडी पाटीसकट.

आमचे थोरले चुलते, तात्या, त्यातलेच. अंधेरीला मालडब्यात चढायचे, चर्चगेटला उतरायचे. आपण स्टेशनवरची ती उद्घोषणा कधी ऐकलीच नाही, असं ते छातीठोक सांगतात. “ती बाई तोंड उघडायच्या आत आम्ही पाट्या चढवलेल्या असायच्या. बाईचं ऐकून गाडी पकडणारा माणूस डबा पोचवत नसतो, स्वतःच पोचला तर नशीब!” पण न ऐकलेली गोष्ट एवढी चोख पाठ कशी झाली, हे त्यांना विचारायची सोय नाही. सुट्टीला गावी आले की चुलीपुढे बसून, नाकात आवाज काढून, “पिठलं आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरानं येत आहे,” असं जाहीर करायचे. काकू उलथनं दाखवायच्या. मग दिलगिरीही तेच व्यक्त करायचे.

ती दिलगिरी मी मूळ स्वरूपात प्रथम दादरला ऐकली. तोवर आमची कुणी माफी मागितल्याचा मला अनुभव नव्हता. आमच्याकडे चार दिवस वीज गेली तर वायरमन आपल्यालाच ओरडतो. आणि इथं अख्खी रेल्वे गोड आवाजात म्हणत होती, “आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” मला एकदम भरूनच आलं. हातातली पिशवी खाली ठेवून मी छपराकडे बघत म्हणालो, “असू द्या हो, चालायचंच.” शेजारचा माणूस दोन पावलं सरकला. तेवढ्यात बाईंनी हिंदीत माफी मागितली, मग इंग्रजीत. एका गाडीसाठी तीनदा! थोड्या वेळानं पुन्हा तीच माफी, त्याच सुरात, कणभर कमी नाही की जास्त नाही. तिथं मला शंका आली. खरा दिलगीर माणूस दुसऱ्या खेपेला थोडा तरी वैतागतो.

“तिथं कुणी नसतं रे,” तात्या म्हणाले. “कॉम्प्युटर आहे.”

पूर्वी खरंच कुणीतरी असायचं. सरला चौधरी यांनी ऐंशीच्या दशकात मध्य रेल्वेवर काम सुरू केलं तेव्हा उद्घोषक माइकपुढे बसून बोलत. पुढे त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, देशभर गेला. बाईंनी ते काम सोडलं. आवाज मात्र ड्युटीवरच राहिला. त्यानंतरची गंमत म्हणजे परळीच्या एका तरुणानं तोच आवाज इतका हुबेहूब काढून दाखवला, की रेल्वेनं त्याचाही आवाज मुद्रित करून घेतला. म्हणजे ज्या बाईंना मी ‘असू द्या हो’ म्हणालो, ते कदाचित बुवा असतील.

ही वाक्यं तुकड्यातुकड्यांनी रचलेली असतात. ‘फलाट क्रमांक’ एकदा बोलून ठेवलेलं, ‘चार’ वेगळं, गावांची नावं वेगळी. इंग्रजीत ट्वेंटीच्या शेपटाला टू बांधला की भागतं. मराठीत बावीस निराळा, बत्तीस निराळा, बेचाळीस निराळा. एकोणसाठपर्यंत एकेक आकडा सुटा म्हणून घ्यावा लागतो. म्हणून कान देऊन ऐकलं तर ‘आठ वाजून’ अगदी सावकाश येतं आणि ‘एकोणपन्नास’ धावत येऊन लटकलेल्या प्रवाशासारखं मागून आदळतं. ‘मिनिटांची’ पुन्हा शांत, जणू तिचा या धावपळीशी संबंध नाही.

आम्ही वाढलो एसटी स्टँडच्या भोंग्यावर. तिथं सगळं एका घशातून यायचं. आधी माइकवर टकटक. मग फूऽऽ. मग, “जुन्नर गाडी फलाट नंबर तीनला लागलेली आहे.” लगेच, “मंचर-आहुपेचे कंडक्टर कुठं असतील तिथून कंट्रोल केबिनला यावं.” माइक बंद करायचा राहून गेला की पुढचा कार्यक्रमही सगळ्या स्टँडला ऐकू यायचा : “दोन कटिंग सांग, आणि मागचे पैसे त्याच्याकडून घे, माझ्याकडून नको.” एवढ्या माहितीवर माणूस निश्चिंत बसू शकतो. कंडक्टर सापडेना म्हणजे गाडी हलत नाही, चहा सांगितला म्हणजे कंडक्टर तिथंच आहे. मुंबईच्या बाईंनी मला गाडी कुठल्या फलाटावर येणार ते बिनचूक सांगितलं, पण लघवीला जाऊन येण्याइतका वेळ आहे का, याचा अंदाज कधी येऊ दिला नाही.

मला विचाराल तर रेल्वेनं उद्घोषणेला माणसं आमच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटातून उचलावीत. चैत्रातल्या यात्रांना घाटावरचा निवेदक सकाळी माइक धरतो तो सूर्य मावळल्यावरच सोडतो. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा परवानगी दिली. मधली सात वर्षं या मंडळींनी आवाज कुठं साठवून ठेवला होता कोण जाणे. त्यांच्या ताब्यात सकाळची डोंबिवली लोकल द्या. “आली आली आली आली! मोटरमन नवा आहे पण हात बसलेला! डब्यात मुंगीला जागा नाही, दारातल्या पाहुण्यांनी आत सरकावं, बाजूला व्हा, बाजूला व्हा, भिर्रर्रर्र… झाली! सेकंद सांगा, सेकंद!” गाडी चुकलेल्या माणसालाही काहीतरी पाहिल्याचं समाधान मिळेल.

पण आमच्याकडे रेल्वे यायची तेव्हा येईल. नारायणगावमार्गे पुणे-नाशिक रेल्वे येणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की ती उद्घोषणासुद्धा मुद्रितच असावी. आराखडा पुढे सरकला तर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आडवी आली. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतांमधून आकाशाकडे कान लावून बसल्यात. जवळून विजेची गाडी धडधडली तर रेडिओ लहरींच्या गोंगाटात त्यांना ऐकू काय येणार? हरकत रास्तच आहे. याच तबकड्यांनी ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश पकडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. एवढ्या उशिराबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं मात्र ऐकिवात नाही. आणि त्या संदेशापायी आमच्या रेल्वेला आणखी उशीर, त्याबद्दलही नाही.

तात्या आता गावीच असतात. परवा त्यांना पुण्याहून येणाऱ्या नातवाला घ्यायला एसटी स्टँडवर जायचं होतं म्हणून मी बरोबर गेलो. गाडीचा पत्ता नव्हता. तासाभरानं तात्या केबिनच्या खिडकीशी गेले.

“साहेब, पुण्याची किती लेट आहे?”

“आली की दिसंल.”

“मुंबईत असं झालं की माफी मागतात. आम्ही दिलगीर आहोत, म्हणतात. तीन-तीन भाषांत.”

कंट्रोलरनं रजिस्टरमधून मान वर केली. “बाबा, गाडी चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलीये. मी सकाळी सहापासून इथंच आहे. दिलगीर व्हायचंच असंल तर चाकणनं व्हावं.”

तात्यांना ते पटलं. त्यांनी दोन कटिंग सांगितले, एक केबिनमध्ये पाठवला.