व्हेरिएंटकाका

प्रत्येक सोसायटीत एक असतातच. तुम्ही लिफ्टमध्ये नुसतं "गाडी बघतोय" म्हणा, ते लगेच विचारणार, "कुठलं व्हेरिएंट?" गाडी कुठली, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण.

आमच्या काकांचा मुक्काम सध्या टाटा पंच आणि ह्युंदाई एक्स्टर यांच्यामध्ये आहे. पंच ऑक्टोबर 2021 मध्ये आली, तेव्हाच घेणार होते. पण प्युअरला म्युझिक सिस्टीम नाही, म्हणून अ‍ॅडव्हेंचर. तिथे मोठी स्क्रीन नाही, म्हणून अकम्प्लिश्ड. इतकं वर आल्यावर क्रिएटिव्ह का सोडा? "फरक फार नाही हो!" आणि क्रिएटिव्हची ऑन-रोड किंमत ऐकल्यावर, "एवढ्यात तर वरच्या सेगमेंटची बेस येते!" पण बेस घेणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. पुन्हा प्युअरपासून सुरुवात.

2023 मध्ये एक्स्टर आली. अगदी खालच्या ईएक्सलाही सहा एअरबॅग! काका दोन दिवस बेसवर ठाम होते. तिसऱ्या दिवशी त्यांना एसएक्सचं सनरूफ दिसलं. पुण्याच्या उन्हात त्याचं करायचं काय, हे विचारू नये. "रिसेलला बरं पडतं, आणि फरक फार नाही."

मिसळ खायला नेलं तर "साधी कशाला, स्पेशल घे, फरक फार नाही." पुतणीच्या लग्नात नॉन-एसी हॉल ठरला होता, तो यांनी एसी करायला लावला. अँजिओप्लास्टीच्या वेळी डॉक्टरांनी स्टेंटचे दोन प्रकार सांगितले, तर काका पडल्यापडल्या म्हणाले, "मधलं काही नाही?"

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वर सेसही गेला. लोक शोरूमकडे धावले. काका घरी बसून व्हेरिएंटच्या तुलनेचा अख्खा तक्ता नव्याने आखत होते. माणूस इतका आनंदी क्वचितच दिसतो.

हे सगळं खरं असलं तरी माझ्या गाडीच्या वेळी पासिंगच्या आधी तपासायला आले ते काकाच. कमरेत उसण भरलेली असताना टॉर्च घेऊन उकिडवे बसले आणि चारही टायरवरचे चार-चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सेल्समनने आणलेला चहा गार झाला. मग खिशातून टेप काढून जमिनीपासून सीटची उंची मोजली. ती माझ्यासाठी नव्हती. त्यांच्या तक्त्यात अगदी शेवटी, पेन्सिलीने लिहिलेला एक रकाना आहे: काकूंचे गुडघे. बसताना वाकायला नको, उतरताना चढायला नको. छोटी क्रॉसओव्हरच का, याचं उत्तर तिथे आहे.

त्या रकान्यात बेसपासून टॉपपर्यंत एकच आकडा आहे. काकू अजून रिक्षाने फिजिओथेरपीला जातात.

तेव्हा गाडी घ्याल तर टायरची तारीख काकांकडून जरूर तपासून घ्या. व्हेरिएंट मात्र काकूंना विचारा.