डॉक्टरवाला

वादसभा संपली की बाकीची मंडळी एकमेकांना विचारतात, "काय, कोणी मारली बाजी?" डॉक्टरवाला असलं काही विचारत नाही. त्याला ते सभा सुरू होण्याआधीच ठाऊक असतं. डॉक्टर जिंकतात. नेहमीच जिंकतात. फक्त ते जगाला कळू नये म्हणून टीव्हीवाले, पेपरवाले, पक्षाचे पुढारी आणि बँका रात्रंदिवस खपत असतात.

डॉक्टर म्हणजे रॉन पॉल. टेक्सासचे तेव्हाचे खासदार, पेशाने प्रसूतितज्ज्ञ, चार हजारांवर बाळंतपणं केलेले. २०१२च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागायला ते उतरले, तेव्हा वय ७५. समोर येईल त्या विधेयकाला 'नाही' म्हणण्याची ख्याती एवढी की 'डॉक्टर नो' हे नावच पडलेलं. मध्यवर्ती बँक गुंडाळा, परदेशातलं सैन्य घरी आणा, चलनामागे सोनं ठेवा आणि घटनेत लिहिलं नसेल ते सरकारने करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं तेच. आमच्या डॉक्टरवाल्याला त्यातलं 'वर्षानुवर्षं तेच' हे सर्वांत भावायचं.

मी तेव्हा आयोवा राज्याच्या राजधानीत, डी मॉइनमध्ये, एका विमा कंपनीत संगणकावर चाकरी करत होतो. व्हिसा होता, मत नव्हतं. आयोवात ही मोठी सोय असते. रिपब्लिकन उमेदवारीची पहिली चाचणी तिथे होते, त्यामुळे वर्षभर आधीपासून इच्छुक मंडळी गावोगाव हिंडतात, पिझ्झा रँच नावाच्या खानावळींत हात मिळवत बसतात, ऑगस्टच्या जत्रेत लोण्याची गाय बघून थक्क होतात. मतदार एकमेकांशी जपून बोलतात. उद्या त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर बसायचं असतं. ज्याला मतच नाही त्याच्यापुढे मात्र सगळे मोकळे. शेजारपाजारचं राजकारण मला त्यामुळे घरपोच मिळायचं.

डॉक्टरवाला दोन घरं पलीकडे राहायचा. शाळेत पोरांना धावायला शिकवायचा. पन्नाशीचा, सडपातळ, थंडीतही बाह्या दुमडलेल्या. शर्टाच्या खिशात अमेरिकेच्या घटनेची चिमुकली पुस्तिका. कडा मऊ पडलेल्या, पाठीवर कॉफीच्या कपाचा गोल वळ उमटलेला. बोलता बोलता हात खिशाकडे गेला की समजायचं, आता दहावी घटनादुरुस्ती येणार, म्हणजे केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने चांदीचं नाणं दिलं आणि बजावलं, "कागदी नोटेच्या बदल्यात हे कुणाला देऊ नकोस." पोरगी चार वर्षांची होती. माझी आई नेमकी तेव्हा आलेली. तिने नाणं हातात घेऊन वजन अजमावलं, पदरात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "या एवढ्या देशात हाच एक शहाणा दिसतो." सोन्याचांदीशिवाय कशावर विश्वास ठेवू नये हे अर्थशास्त्र आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं. त्याच्या मागे ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञांची परंपरा आहे, हे आईला डॉक्टरवाल्यानेच सांगितलं.

तर १९ नोव्हेंबर २०११, शनिवार, संध्याकाळ. थँक्सगिव्हिंग पाच दिवसांवर. डी मॉइनच्या फर्स्ट फेडरेटेड चर्चमध्ये 'फॅमिली लीडर' नावाच्या संघटनेने सहा उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवलं होतं. समोर भरगच्च श्रोते, सगळे देवाधर्माचे. त्यांना कोणी साधेभोळे समजू नये. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तर पुढच्याच वर्षी याच मंडळींनी मतपेटीतून तीन न्यायमूर्तींना घरी बसवलं होतं. आणखी एक इच्छुक, मिट रॉम्नी, तिकडे फिरकले नाहीत. सूत्रसंचालक फ्रँक लुंट्झ, लोकांच्या मनातलं काढून घेण्यात वाकबगार. करांचे दर आणि तेलाच्या पाइपलाइनी बाजूला ठेवून तो त्या दिवशी उमेदवारांना त्यांच्या आयुष्यातल्या पडत्या काळाबद्दल विचारत होता.

आम्ही हे सगळं एका शेजारीणबाईंच्या तळघरात बसून पाहत होतो. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, भिंतीलगत खाण्याचं टेबल, त्यावर लोणच्याच्या काकडीला क्रीम चीज आणि हॅम गुंडाळून केलेल्या चकत्या. (शाकाहारी माणसाने विचारलं तर बाई निरागसपणे म्हणत, "हॅम अगदी पातळ आहे.") बाई मिशेल बाकमनच्या बाजूच्या. बाकमन जन्माने आयोवाच्या वॉटर्लूची आणि बाईंचं माहेरही वॉटर्लू, तेव्हा प्रश्नच नव्हता. टेबलाशी बसलेल्या बाकमनने इतरांच्या पेल्यांत पाणी ओतलं, तेव्हा बाईंचा ऊर भरून आला. "बघा, संस्कार!" खोलीतल्या दुसऱ्या एका बाई पुटपुटल्या, "पाच पुरुष बसलेत, एकाला उठवलं नाही." त्या कुणाच्या बाजूच्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रिक पेरीवाल्याची अवस्था नाजूक होती. पेरी दहाच दिवसांपूर्वी मिशिगनच्या वादसभेत, आपण कोणती तीन सरकारी खाती बंद करणार हे सांगायला उठले आणि तिसरं खातं विसरले. पेरीवाल्याचं त्यावर म्हणणं असं, की जो माणूस खातं विसरतो तोच ते खरोखर बंद करील. न्यूट गिंग्रिचवाल्याला कोपऱ्यातून कोणीतरी तिसऱ्या लग्नावरून डिवचलं. तो शांतपणे म्हणाला, "विवाहसंस्थेवर एवढी श्रद्धा बाकी कोणाची आहे?" त्याचं खरं पारणं फिटलं ते गिंग्रिचने वॉल स्ट्रीटवरच्या आंदोलकांना आधी आंघोळ करा आणि मग नोकरी शोधा असा सल्ला दिला तेव्हा. एक गृहस्थ सफरचंदाचा पाय घेऊन आले होते आणि कोणाशीच बोलत नव्हते. ते रॉम्नीवाले.

या सगळ्यांत डॉक्टरवाला स्टुलावर, पाठ ताठ. दोन्ही हातांत दोन स्टॉपवॉच, मांडीवर वही. उजव्या हातातलं डॉक्टरांसाठी, डाव्या हातातलं बाकी पाचांसाठी. आठवड्यापूर्वी साउथ कॅरोलायनातल्या वादसभेच्या पहिल्या तासात डॉक्टरांना अवघे ८९ सेकंद मिळाले, अशी त्यांच्या प्रचारकचेरीने तक्रार केली होती. तेव्हापासून हा आकडा त्याच्या तोंडी एखाद्या तीर्थक्षेत्राच्या नावासारखा यायचा. "एकोणनव्वद!" म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

मोजण्याचे हे नियम मात्र एकतर्फी नव्हते, हे त्याच्याबाबतीत सांगितलंच पाहिजे. डॉक्टर अडखळले, मध्ये 'अं' म्हणाले तर तो घड्याळ थांबवायचा. तो वेळ भाषणात धरायचा नाही. त्यामुळे डॉक्टरांचे सेकंद आणखी कमी भरायचे आणि अन्याय आणखी वाढायचा.

पुढे चर्चमधलं वातावरण हळवं झालं. हर्मन केन आपल्या कर्करोगाबद्दल सांगताना गहिवरले. रिक सँटोरम आपल्या आजारी लेकीबद्दल बोलताना रडले. तळघरात कागदी रुमालांचा डबा हातोहात फिरू लागला. डॉक्टरवाल्यानेही एक घेतला आणि घड्याळाची काच पुसली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "रडण्याचे सेकंद धरायचे की नाही?" त्याला खरंच पेच पडला होता. माणूस दगड नव्हता. सँटोरमच्या लेकीचा विषय निघाल्यावर त्याने डावं घड्याळ बंद ठेवलं. ते वहीत कुठे नोंदवलेलं मात्र नाही.

खरी चकमक लग्नावरून झाली. शेजारीणबाईंचं म्हणणं, विवाह म्हणजे काय ते देशाच्या घटनेतच लिहून टाकावं. डॉक्टरवाला त्यांच्याच चर्चचा, बायबल त्यांच्याइतकंच वाचलेला, गर्भपाताला त्यांच्याइतकाच विरोध. पण हात खिशाकडे गेला. "विवाह चर्चचा आहे. सरकारचा त्यात संबंध काय? मला लग्नाला परवाना का लागावा?"

"मग राज्यांनी वाटेल ते ठरवलं तर?"

"तर राज्यांनी ठरवलं. दहावी दुरुस्ती."

"आणि ते पाप असलं तर?"

"पापाचं खातं सरकारकडे देऊ नका, मॅडम. ते पोस्टसुद्धा नीट चालवत नाहीत."

बाई खो खो हसल्या आणि तरीही म्हणाल्या, "नाही." मग गाडी इराणवर आणि इस्रायलवर आली आणि हसणं थांबलं. परक्यांच्या भांडणात पडू नका, हा डॉक्टरांचा सल्ला त्या खोलीत कोणालाच पटणारा नव्हता. डॉक्टरवाल्याला हे पुरतं माहीत होतं आणि त्यातच त्याला रस होता. ज्या घरात आपलं कोणी ऐकणार नाही तिथे तो आवर्जून जायचा, सोबत बायकोने केलेलं सॅलड घेऊन.

विरोधकांना वाटायचं, हा माणूस मोजतो तो फक्त रडगाणं गाण्यासाठी. मलाही काही काळ तसंच वाटलं. पण ही मंडळी नुसती मोजत बसणारी नव्हती. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला 'व्हॅल्यूज व्होटर समिट' या धार्मिक मंडळींच्या मेळाव्यात कौल घेतला, तर डॉक्टर ३७ टक्के मतांनी पहिले आले. संयोजक म्हणाले, बरेच लोक ऐनवेळी नाव नोंदवून, मत टाकून गेले. लबाडी वाटेल अशी गोष्ट. पण त्यातली खरी गोम अशी, की बाकीच्यांचे पाठीराखे त्या शनिवारी घरी होते आणि डॉक्टरांचे आले होते. उमेदवाराच्या करिष्म्याचं आम्हा मराठी माणसांनाही भारी कौतुक. पण सभा उठल्यावर सतरंज्या गुंडाळायला कोण थांबतो, पक्ष त्याच्या हातात जातो, हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा.

३ जानेवारी २०१२ला आयोवात कॉकस झालं. कॉकस म्हणजे संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये, वाचनालयात जमून मत टाकायचं. त्या रात्री रॉम्नी आठ मतांनी जिंकले. सव्वा लाखाच्या आसपास मतदानात आठ! पायवाले गृहस्थ पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. सोळा दिवसांनी पक्षाने पक्का आकडा जाहीर केला, तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आठ मतदानकेंद्रांचे कागदच सापडेनात, म्हणून त्यांना धडपणे विजयीही म्हणता येईना. बाकमन सहाव्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडल्या. शेजारीणबाईंनी अंगणातली पाटी काढून गराजमध्ये ठेवली. डॉक्टर तिसरे, २१ टक्के.

मी समाचाराला गेलो, तर डॉक्टरवाला गुणगुणत फरशी पुसत होता. मत मोजून झाल्यावर लोक कोट चढवून घरी गेले, तेव्हा हा शाळेच्या व्यायामशाळेतच थांबला होता. कारण त्यानंतर जिल्ह्याच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडायचे असतात, आणि आधीचा कौल तेव्हा त्या प्रतिनिधींना बांधून ठेवत नसे. हा नियम कितीजणांनी वाचला असेल? याने वाचला होता, पेन्सिलीने खुणा करून. मार्चमध्ये जिल्हा, मग राज्य. प्रत्येक ठिकाणी खुर्च्या कडक, कामकाज रटाळ, आणि हे लोक डबे बांधून हजर. ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाने आपली २८ मतं सांगितली. त्यांत रॉम्नींना सहा. सँटोरमना एकही नाही. डॉक्टरांना २२.

त्या रात्री मी फोन केला. म्हटलं, आता तरी जिंकलात.

"कसले जिंकलो? व्यासपीठावरून फक्त रॉम्नींचे आकडे पुन्हा वाचत होते. आमचे बावीस उच्चारलेच नाहीत." आवाजात असं समाधान होतं, की विजयाचं काय करायचं हा प्रश्न परस्पर सुटला, हे मला फोनवरही दिसलं.

डॉक्टर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचे चिरंजीव रँड पॉल तोवर सिनेटमध्ये होते. मार्च २०१३मध्ये ड्रोनच्या प्रश्नावर ते सभागृहात जवळजवळ तेरा तास सलग बोलले. बसले नाहीत, थांबले नाहीत, सगळ्या देशाने पाहिलं. मी मोठ्या उत्साहाने डॉक्टरवाल्याचं दार ठोठावलं. म्हटलं, ऐकलंत का? तेरा तास!

"हो, पाहिलं," तो म्हणाला. "पोरगा चांगला आहे. पण बोलतो फार."